पोटातली गोधडी

मी एक जुना खोका आहे. नुसतं खोका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बुटांचा खोका येतो, म्हणून आधीच सांगून टाकतो. मित्रांनो, मी स्पीकरचा खोका आहे. उंचीला टेबलापेक्षा जरा जास्त, वजनाला दोन धडधाकट माणसांच्या कंबरेला भारी. पुढे काळ्या कागदाचा मोठा गोल भोंगा, त्याच्याखाली हवा खेळायला ठेवलेलं एक भोक, आणि पाठीला स्क्रूंनी गच्च आवळलेली फळी. भोक एवढं, की एक बऱ्यापैकी खाल्लीप्यालेली मांजर अंग चोरून आत जाईल. हे माप मी उगाच सांगत नाही.

मला घडवलं सुतारकाकांनी. काकांनी जन्मभर कपाटं केली होती. पुतण्याने स्पीकरचा खोका मागितल्यावर त्यांनी मान डोलावली आणि कपाटच केलं. म्हणून अजूनही नवा पाहुणा आला की माझ्याजवळ उभा राहून कोट अडकवायला खुंटी शोधतो. बाहेरून मी देखणा होतो. आतून मात्र काकांचा सरस असा काही ओघळला होता की मेणबत्त्यांच्या दुकानाला आग लागल्यासारखं दिसत होतं. ते कुणाला दिसू नये म्हणून काकांनी घाईघाईने पाठ बंद केली आणि पुतण्याला गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "पाठ कधी उघडू नकोस. आवाज सांडतो."

पुतण्याने ते खरं मानलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातल्या सगळ्या भानगडींचं मूळ त्या ओघळलेल्या सरसात आहे.

हा पुतण्या म्हणजे आमचा दादा. त्याचा धाकटा भाऊ ‘रेगे’ नावाचं परदेशी संगीत वाजवणाऱ्या बँडचा गायक. धाकटा त्याला दादा म्हणायचा म्हणून सगळा बँड दादा म्हणायचा, आणि एकदा तर त्याची सासूही बोलता बोलता दादा म्हणून गेली होती. दादा बेस गिटार वाजवायचा. चार जाड तारा, आणि त्यांतून निघणारा आवाज कानाआधी पोटात जाऊन बसणारा. रेगे हे गाणंच असं आहे की त्यात सगळे जरा उशिरा येतात, आणि मुद्दाम येतात. भरपेट जेवून उठलेला माणूस जसा झुलत झुलत हात धुवायला जातो, तशी त्याची चाल. ती चाल सांभाळायचं काम बेसचं. बेस घसरला की अख्खं गाणं तोंडावर पडतं. म्हणजे ते काम दादाचं, आणि दादाचा आवाज मी.

माझी पहिली कितीतरी वर्षं बरी गेली, पण कौतुकाची नव्हती. माझा आवाज रिकाम्या पिंपासारखा घुमायचा. दादा घरी सराव करायला बसला की वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, फडताळातल्या बशा एकमेकींशी बोलायला लागायच्या. खालच्या मजल्यावरचे आजोबा दात काढून पाण्याच्या पेल्यात ठेवत. ते दात पेल्यात आपोआप कटकट वाजू लागले तेव्हा आजोबा काठी घेऊन वर आले. दात नसल्यामुळे काय म्हणाले ते कळलं नाही, पण काठीचं कळलं.

दादा मला कुणाला हात लावू देत नव्हता. म्हणून वहिनींनी तो केस कापायला गेलेला बघून माझी पाठ उघडली. मित्रांनो, आवाज वगैरे काही सांडलं नाही. त्यांनी आतला सरस बघितला, "शी" म्हणाल्या, आणि आपली जुनी गोधडी घडी करून माझ्या पोटात कोंबली. त्यांच्या आईने जुन्या साड्यांची शिवलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली. मग पाठ लावून टाकली आणि हात झटकून भाजी चिरायला बसल्या.

त्या दिवसापासून माझा घसाच बदलला. आवाज जाड झाला, मऊ झाला, गोल झाला. आजोबांचे दात गप्प बसले. दादाने पहिली तार छेडली आणि तो स्वतःकडेच बघत राहिला. मग बोटं डोळ्यांसमोर धरून म्हणाला, "आता कुठे पिकली."

वहिनी स्वयंपाकघरातून सांगायलाच येत होत्या. त्याचा चेहरा पाहिला आणि परत फिरल्या.

गोधडीचा दुसरा लाभार्थी म्हणजे घरातली मांजर. तिला सगळे मावशी म्हणत. मावशीने भोकातून आत डोकावलं, गोधडी तुडवून पाहिली आणि तिथे बिऱ्हाड केलं. दोनदा बाळंतपणंही माझ्या पोटात उरकली. दादा वाजवत असला तरी ती आत घोरत असे. दादाला ती माझ्यातून बाहेर येताना दिसली की तो लोकांना सांगे, हिला रेगेची फार ओढ.

नवीन अल्बम त्याच खोलीत रेकॉर्ड झाला, कारण धाकट्याला हाच आवाज हवा होता. अल्बमचं नाव ‘सावकाश’. मुखपृष्ठावर मी, आणि माझ्या डोक्यावर मावशी, दोघं सारखेच गंभीर. अल्बम लोकांनी उचलून धरला. एका समीक्षकाने लिहिलं, हा बेस ऐकताना कुणीतरी अंगावर पांघरूण घातल्यासारखं वाटतं. दादाने मुलाखत दिली आणि बोटांच्या साधनेवर इतकं बोलला की मुलाखत घेणारीने मध्येच पाणी मागितलं. ती मुलाखत वाचताना वहिनी पदर तोंडात धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पण बोलल्या नाहीत. माणूस इतका खूश असेल तर कशाला, असं त्या मावशीला म्हणाल्या. मावशीचंही तेच मत पडलं.

मग आला परदेशचा दौरा. या देशातून त्या देशात, रोज नवीन सभागृह, सगळं नवीन अल्बमसाठी. धाकट्याने मलाही न्यायचं ठरवलं. मुखपृष्ठावरचा खोका स्टेजवर नसेल तर लोक काय म्हणतील. दादाने माझ्या पाठीवर लाल रंगात भली मोठी फुली मारली आणि खाली लिहिलं, उघडू नये.

आता तुम्हीच सांगा, कस्टमवाल्यांना याहून चांगलं आमंत्रण कोणी देईल का?

मी सामानाच्या थंडगार शेडमध्ये पडलो होतो. बँड पुढे निघून गेला होता. तिथे एक वास घेणारा कुत्रा आला. मोठा शिकलेला कुत्रा, गळ्यात पट्टा, छातीवर बिल्ला. मोठमोठे चोर त्याने पकडले असतील, पण मावशीचा वास नाकात गेला आणि त्याचं सगळं शिक्षण धुऊन निघालं. तो माझ्याभोवती गोल गोल फिरायला लागला, भोकात तोंड घालून रडायला लागला. दोन अधिकारी धावत आले. लाल फुली पाहून त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माझी पाठ उघडली.

गोधडी बाहेर ओढली. झटकली. यंत्रातून काढली. उजेडासमोर धरली. मांजरीच्या केसांखेरीज काही निघेना. एवढ्यात कुत्रा त्या गोधडीवर जाऊन बसला, मग आडवा झाला, आणि इतका सुखाने झोपला की त्याला नोकरीची आठवण राहिली नाही. गोधडी ओढायला गेले तर तो आपल्याच साहेबावर गुरगुरला. साहेबांची चहाची वेळ झाली होती. त्यांनी कुत्र्याचा नाद सोडला आणि माझी पाठ लावली. एकूण एक स्क्रू बसवला हो. कामाला चोख माणसं.

गाडीत चढताना मी मागे बघत होतो. गोधडी तिथेच होती, कुत्र्याखाली. आणि मी काहीच करू शकत नव्हतो. मित्रांनो, मी खोका. माझ्यात जे घालाल तेच मी बाहेर काढतो. स्वतःचं एक अक्षर बोलायची सोय सुतारकाकांनी ठेवलेली नाही.

पहिल्या कार्यक्रमाला दादाने तार छेडली आणि मी रिकाम्या पिंपात भोपळा गडगडावा तसा गरजलो. सभागृहाचं छत जुनं होतं. माझ्या प्रत्येक ठोक्याला वरून चुना गळायला लागला, तोही नेमका धाकट्याच्या डोक्यावर. अर्ध्या कार्यक्रमापर्यंत त्याचे केस, भुवया, मिश्या पांढऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तिथल्या पेपरात आलं, वय झालं तरी गायकाचा उत्साह दांडगा आहे.

धाकट्याने तो पेपर घडी करून खिशात ठेवला आणि दादाला विचारलं, काय रे, काय होतंय? दादा म्हणाला, नवी जागा आहे, बसेल. पण दुसऱ्या गावी बसलं नाही, तिसऱ्या गावीही नाही.

मग उपाय सुरू झाले. आवाज सांभाळणारा एक माणूस बँडबरोबर होता. समोर दिसेल ती घुंडी फिरवायचा म्हणून त्याला घुंडीमास्तर म्हणत. त्याने आपल्या पुढ्यातल्या सगळ्या घुंड्या उजवीकडे फिरवल्या, मग सगळ्या डावीकडे. दादाने तारा बदलल्या, बूट बदलले, उभं राहायची जागा बदलली. ढोलवाला म्हणाला इथलं पाणी जड आहे, म्हणून एक दिवस सगळा बँड फळांचा रस पिऊन राहिला आणि त्याचे परिणाम कार्यक्रमाच्या मध्यंतरात भोगले. एकदा घुंडीमास्तर पेचकस घेऊन माझ्या मागे आला. मी म्हटलं, सुटलो. दादा लांबून ओरडला, "पाठीला हात लावायचा नाही. आवाज सांडेल."

सांडायचा तो कधीच सांडला होता.

रोज मी बघत होतो. दादा कार्यक्रम संपला की कोपऱ्यात बसून गरम पाण्याच्या भांड्यात बोटं बुडवायचा. बाहेर काढून उलटीसुलटी बघायचा. त्याने कुणाला दोष दिला नाही, मलासुद्धा नाही. त्याने ठरवून टाकलं होतं की पिकलेली बोटं आता गळायला लागली आहेत. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे बाबा, बोटं ठणठणीत आहेत, माझं पोट रिकामं आहे. पण ओरडायचं तर त्यानेच तार छेडायला हवी, आणि छेडली की मी पुन्हा भोपळाच.

त्यातच तुतारीवाल्याने शोध लावला की अंगठीमुळे बोट जड पडतंय. लग्नाची अंगठी. लग्नानंतर ती कधी निघाली नव्हती. साबण लावून, पीळ देऊन दादाने ती काढली, माझ्या डोक्यावर ठेवली आणि तार छेडली. मी हादरलो. अंगठी चालत चालत माझ्या कडेपर्यंत आली, खाली पडली, एक उडी मारली आणि पुढच्या भोकातून सरळ माझ्या पोटात.

दादाने सगळं स्टेज पालथं घातलं. तुतारीत बघितलं, ढोलात बघितलं, झाडूवाल्या बाईंचा केर उपसला. माझ्याकडे बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आता प्रत्येक ठोक्याला गडगडाटाबरोबर बारीक किणकिणही यायला लागली. मित्रांनो, अशी माझी गत. जे आत हवं ते बाहेर गेलेलं, जे बाहेर हवं ते आत अडकलेलं, आणि दोन्ही ठाऊक असलेला एकटा मी, तो मुका.

एका दुपारी रिकाम्या सभागृहात दादा माझ्यावर बसून वहिनींशी फोनवर बोलत होता. वहिनींचा आवाज खणखणीत, त्यामुळे मलाही ऐकू येत होता. त्यांनी विचारलं, आवाज कसा लागतोय. दादा म्हणाला, मस्त. लोक काय म्हणतात. मस्तच म्हणतात. थंडी असेल तिकडे, अंगावर नीट घेत जा. घेतो.

मग वहिनींनी विचारलं, "आणि तो खोका? त्याची पाठबीठ कुणी उघडली नाही ना?"

माझा भोंगा ताठ झाला. आता दादाने एवढंच विचारायचं होतं, की का गं? पण दादाने आपल्या उघड्या बोटाकडे पाहिलं. त्याला वाटलं अंगठीचं हिला कळलं की काय. तो म्हणाला, "खोक्याला काय धाड भरलीय," आणि फोन ठेवून दिला.

वहिनींनी त्याच्या आनंदासाठी सांगितलं नाही. त्याने लाजेपोटी सांगितलं नाही. मध्ये बसलो होतो मी.

शेवटचा कार्यक्रम सगळ्यांत मोठा होता. त्या दिवशी धाकटा दादाजवळ आला. नजर वर करत नव्हता, माझ्याच कडेवर नखाने रेघा ओढत होता. "दादा, आज तू फक्त उभा राहा. बाकी आम्ही बघतो."

"आणि आवाज?"

"आवाज आहे ना आपल्याकडे. तुझाच आहे. अल्बमवरचा. घुंडीमास्तर वाजवेल."

 हातातली वायर दादाने नीट गुंडाळली, मग पुन्हा सोडली, कारण दिसायला तरी ती जोडलेली हवी होती.

माझी वीज काढून घेतली होती. वायरचं एक टोक दादाच्या गिटारमध्ये, दुसरं माझ्यात, आणि दोघांच्या मध्ये शुकशुकाट. माझ्यापुढे दिखाव्याचा मायक्रोफोनही मांडला. दिवे लागले. आणि घुंडीमास्तरच्या रेकॉर्ड वाजवायच्या डबीतून आवाज आला. जाड, मऊ, गोल. तो मी होतो, मित्रांनो. गोधडीसकट मी, पोटात मावशी घोरत असलेला मी. माझा स्वतःचा आवाज मी त्या दिवशी दुसऱ्याच्या तोंडून ऐकला. समोर माणसं डोळे मिटून झुलत होती.

दादा एकही सूर न चुकता वाजवत होता. कुणाला ऐकू जाणार नव्हतं तरी वाजवत होता. एका कडव्यानंतर घुंडीमास्तरला शिंक आली, कोपर लागलं आणि डबी पुढच्या गाण्यावर गेली. क्षणभर सगळे गडबडले. दादाची बोटं मात्र आधीचंच गाणं इमानदारीने पुरं करत राहिली. लोकांना वाटलं, ही काहीतरी नवीन तऱ्हा आहे. उभं राहून टाळ्या पडल्या. पेपरात आलं, बेसवादक पुन्हा बहरात.

ती बातमी दादाने वाचली आणि धाकट्याला सांगितलं की पुढच्या दौऱ्याला आपण येत नाही. धाकटा नको नको म्हणाला, पण फार वेळ नाही. पुढच्या दौऱ्यासाठी त्याने माझी एक प्रतिकृती करून घेतली. पुठ्ठ्याची. एका हाताने उचलता येणारी, वर कापसाची मांजर चिकटवलेली. ती माझ्यापेक्षा फोटोत चांगली येते म्हणतात.

मी आणि दादा घरी आलो. मला खिडकीजवळ ठेवलं. दादाने गिटार कपाटावर टाकलं आणि दिवसभर रेडिओवर हवामानाच्या बातम्या ऐकायला लागला. मावशीला मात्र दिवस गेले होते. ती पोट सांभाळत भोकातून आत शिरली, आत नुसती गार फळी. ती बाहेर आली, भोकासमोर बसली आणि वरच्या पट्टीत तक्रार करू लागली. थांबेचना. शेवटी वहिनी पेचकस घेऊन आल्या आणि दादाच्या देखत त्यांनी माझी पाठ उघडली. दादा उठेपर्यंत फळी खाली आली होती.

"अहो, माझी गोधडी कुठंय?"

"कसली गोधडी?"

वहिनींनी आत हात घातला आणि चिमटीत अंगठी बाहेर काढली. "आणि ही इथे काय करतेय?"

मग एकेक बाहेर आलं. गोधडी कधी घातली, का घातली, अंगठी कधी काढली, का काढली. खालच्या आजोबांचे दातही आले. माझं पोट उघडं पडलं होतं, सरस सगळ्यांना दिसत होता, आणि मला वाटत होतं की सुटलो एकदाचा. पण दादाचा चेहरा उजळायच्या ऐवजी आणखीच उतरला. बराच वेळ तो बोटांकडे बघत होता.

"म्हणजे तेव्हासुद्धा ती माझ्या बोटांची कमाल नव्हतीच."

वहिनी अंगठी पदराने पुसत होत्या. "गोधडी काय आपोआप वाजते होय? मी इतकी वर्षं अंगावर घेत होते, एकदाही वाजली नाही."

दादा हसला नाही, पण त्याने हात पुढे केला. वहिनींनी अंगठी चढवली. साबण लागला नाही. बोटं तेवढी वाळली होती.

त्याने धाकट्याला फोन लावला. धाकटा विमानतळावर होता, मागे सूचना चालू होत्या. दादाने सगळं सांगितलं. गोधडी, मांजर, बहुतेक कस्टमवाले असतील, बोटं शाबूत आहेत, मी येऊ शकतो.  मग धाकटा फार प्रेमाने म्हणाला, "गोधडी? दादा, तू आराम कर."

दादाने फोन ठेवला. वहिनींनी दौऱ्याचे टी-शर्ट एकावर एक शिवायला घेतले, बँडचं नाव छापलेले. पण मावशीला शिवण संपेपर्यंत धीर नव्हता. तिने अर्धवट शिवलेलंच आत ओढलं आणि त्यावर तिची पिल्लं झाली. आता पिल्लांचे डोळे उघडून ती चालायला लागेपर्यंत मला वीज जोडायची नाही, असं वहिनींनी बजावलंय.

म्हणून दादा नुसताच बसतो. कपाटावरचं गिटार त्याने खाली काढलंय. जमिनीवर बसून माझ्या पाठीला पाठ टेकवतो आणि वाजवतो. वायर नाही, वीज नाही. आवाज खोलीच्या दारापर्यंतही जात नाही. पण गिटारचं लाकूड त्याच्या छातीला लागतं, त्याची पाठ माझ्या फळीला लागते, आणि एकेक ठोका हाडांतून माझ्यापर्यंत येतो. इतकी वर्षं मी त्याचा आवाज होतो, पण त्याचं वाजवणं मला असं कधी ऐकू आलं नव्हतं. सूर जागच्या जागी आहेत, मित्रांनो. एकही ढळलेला नाही. हे मला ठाऊक आहे, आणि पिल्लांना. आणि आम्हा कुणालाच बोलता येत नाही.

तुमच्या घरात, शाळेत, गल्लीत कुणाचा आवाज अचानक बिघडला, तर तो संपला असं लगेच ठरवू नका. पुठ्ठ्याचा दुसरा करायला घेण्याआधी त्याच्या मागे जा, थोडं वाकून आत बघा. कदाचित सरस ओघळलेला दिसेल. दिसू दे. कदाचित आत घालायला एक जुनं, मऊ फडकं पुरेल.

हळू बोला मात्र. पिल्लं आत्ताच झोपलीत.